तुरुंगातून निघालेलं प्रेमगीत

१९९० सालच्या अखेरच्या महिन्यांत अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत एक नवल घडलं. पहिल्या वीस गाण्यांमध्ये एकच गाणं दोन जागी होतं आणि दोन्हीकडे गाणारा माणूसही एकच होता, बॉबी हॅटफील्ड. एका रेकॉर्डवर तो चोवीस वर्षांचा होता, दुसरीवर पन्नास वर्षांचा. पहिली १९६५ची, दुसरी १९९० मध्येच नव्यानं गायलेली. पंचवीस वर्षांपूर्वीचा आवाज आणि आजचा आवाज शेजारी शेजारी उभे राहून एकाच चालीत एकच आर्जव करत होते आणि लोक दोन्ही रेकॉर्डी विकत घेत होते.

गाणं होतं 'अनचेन्ड मेलडी'. इंग्रजी गाणी फारशी न ऐकणाऱ्यांच्याही कानावरून ते कधी ना कधी गेलेलं असतं, कारण 'घोस्ट' या सिनेमात डेमी मूर मातीचं भांडं घडवत असते आणि पॅट्रिक स्वेझी तिच्या मागे येऊन बसतो, तेव्हा खोलीतल्या जुकबॉक्सवर तेच वाजत असतं. सिनेमा १९९०चा, जगभरात पन्नास कोटी डॉलरांहून जास्त कमाई करणारा. पण रेकॉर्ड त्याच्या पाव शतक आधीची, आणि गाणं तर त्याहूनही दहा वर्षं जुनं.

मला या गाण्याचं कुतूहल वाटतं ते त्याच्या लोकप्रियतेमुळे नव्हे. लोकप्रिय गाणी पुष्कळ असतात. हे गाणं जितक्या वेळा विसरलं गेलं तितक्या वेळा परत आलं, आणि दर वेळी वेगळ्याच दारानं आलं. ते कसं, हे शोधत गेलं की प्रेमगीत नावाच्या गोष्टीची आतली यंत्रणाच हाताला लागते.

सुरुवात एका तुरुंगात होते. कॅलिफोर्नियात चिनो इथे एक तुरुंग होता (अजूनही आहे), तिथे उंच भिंतींऐवजी कैद्यांवरच्या विश्वासावर जास्त भर दिला जाई. केनयन स्कडर या तिथल्या अधिकाऱ्यानं त्या प्रयोगावर पुस्तक लिहिलं आणि त्यावरून हॉल बार्टलेट यांनी १९५५ मध्ये 'अनचेन्ड' नावाचा सिनेमा काढला. नायक एक कैदी. पळून जाणं त्याला सहज शक्य आहे. पण पळावं की शिक्षा पुरी भोगून सन्मानानं बायकोकडे परतावं, हा त्याचा पेच. सिनेमाला संगीत होतं ॲलेक्स नॉर्थ यांचं. नाव पटकन ओळखीचं वाटणार नाही, पण 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' आणि 'स्पार्टाकस'चं संगीत याच माणसाचं. ऑस्करसाठी पंधरा वेळा नामांकन मिळालं आणि एकदाही बक्षीस लागलं नाही. शेवटी १९८६ मध्ये अकादमीनं त्यांना मानद ऑस्कर दिलं. त्या पंधरांतलं एक नामांकन या गाण्याचं होतं.

शब्द हाय झॅरेट यांचे. त्यांनी एक गोष्ट केली आणि मला वाटतं गाण्याचं नशीब तिथेच ठरलं. त्यांनी गाण्यात तुरुंग आणलाच नाही. साखळदंड नाहीत, गज नाहीत, शिक्षेची वर्षं नाहीत. कुणीतरी कुणापासून दूर आहे, वेळ सरता सरत नाही, आणि समोरचं माणूस अजून आपलं आहे की नाही ही धाकधूक आहे. बस्स. दूर का आहे, किती दूर आहे, कोण आहे, यातलं काहीच सांगितलेलं नाही. नदीचा आणि समुद्राचा उल्लेख येतो, पण ती नदी कुठलीही असू शकते. सिनेमात बसलेल्या माणसाला हे कैद्याचं गाणं वाटतं. बाहेर रेडिओवर ऐकणाऱ्याला ते त्याचं स्वतःचं वाटतं.

सिनेमात ते गायलं टॉड डंकन यांनी, एका कैद्याच्या भूमिकेत, गिटारच्या साथीवर. हे टॉड डंकन कोण होते हे आज 'घोस्ट'मुळे गाणं ओळखणाऱ्या फार थोड्या लोकांना माहीत असेल. १९३५ मध्ये गर्श्विनच्या 'पोर्गी अँड बेस' या ऑपेराचा पहिला पोर्गी तेच. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात ते गाणं शिकवत. पुढच्याच वर्षी त्या ऑपेराचा दौरा वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये आला, तेव्हा कृष्णवर्णीय प्रेक्षकांना तिथे मज्जाव होता. डंकन आणि त्यांच्या सहकलाकारांनी गायला साफ नकार दिला आणि थिएटरला नमतं घ्यावं लागलं. त्या प्रयोगांना सगळे एकत्र बसले. १९४५ मध्ये न्यूयॉर्क सिटी ऑपेरात मुख्य भूमिका गाणारे ते पहिले आफ्रिकन अमेरिकन गायक ठरले. अशा माणसाच्या घनगंभीर आवाजातून हे गाणं पहिल्यांदा जगात आलं. त्यात पुढच्या काळातली आतषबाजी मुळीच नाही. एक थकलेला माणूस स्वतःशीच गुणगुणतो आहे.

सिनेमा विस्मरणात गेला. गाणं मात्र त्याच वर्षी हातोहात पसरलं. त्या काळी गाणं एका गायकाच्या मालकीचं मानलं जात नसे. चांगली चाल आली की प्रत्येक कंपनी आपापला गायक उभा करी. लेस बॅक्स्टरनं वाद्यवृंद आणि कोरस घेऊन केलेली रेकॉर्ड अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात गाजलेला अंध गायक अल हिबलर तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला. रॉय हॅमिल्टनची रेकॉर्ड कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत पहिली आली. ब्रिटनमध्ये जिमी यंग पहिला. म्हणजे १९५५ मध्येच या गाण्याचे अनेक जन्म झाले होते.

आता चालीकडे वळू. इथे खरी मौज आहे, आणि ती घरातल्या पेटीवर कुणालाही करून पाहता येईल.

पांढरी एकला सा धरा. आधी सा-ग-प एकत्र दाबा. मग खालचा ध घेऊन ध-सा-ग. मग म-ध-सा. मग प-नी-रे. हे चार स्वरगुच्छ म्हणजे 'अनचेन्ड मेलडी'च्या पहिल्या ओळीचा सांगाडा. पाश्चात्त्य संगीतात याला कॉर्ड म्हणतात, आणि या क्रमाला त्या दशकावरून 'फिफ्टीज प्रोग्रेशन' असंच नाव पडलं आहे, इतकी गाणी त्यावर बांधली गेली. बेन ई. किंगचं १९६१चं 'स्टँड बाय मी' याच क्रमावर उभं आहे.

हे चार गुच्छ नीट पाहा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना सा आणि ग तसेच राहतात, फक्त प जाऊन ध येतो. एकच स्वर हलला, पण रंग पालटला. उजेड होता तिथे किंचित उदासी आली. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पुन्हा दोन स्वर कायम, ध आणि सा. इथवर सगळं अलगद सरकतं. आणि तिसऱ्यातून चौथ्यात जाताना एकही स्वर सामाईक उरत नाही. म-ध-सा सोडून प-नी-रे. ज्या सा ला आपण तीन गुच्छ धरून होतो तो हातातून निसटतो आणि त्याच्या जागी नी येतो. नी ऐकला की कानाला वरचा सा हवा असतो, हे भारतीय श्रोत्याला वेगळं सांगायला नको. प-नी-रे वर थांबणं म्हणजे घराच्या उंबऱ्यावर उभं राहून आत न जाणं.

या चालीचा गाभा तिथेच आहे. साध्या गाण्यात चौथ्यानंतर पहिला गुच्छ येतो आणि ओळ संपते. इथे ओळ षड्जावर परत येते, पुन्हा ध-सा-ग वर ढळते, आणि प-नी-रे वरच संपते. अर्धवट. दुसरी ओळही तशीच, तीही प-नी-रे वर लोंबकळत सोडलेली, आणि शब्दांतही तिथे नेमका प्रश्नच आहे. षड्जावर खरा विसावा मिळतो तो कडव्याच्या अगदी शेवटी. शब्द वाट पाहण्याबद्दल बोलतात, आणि चाल ऐकणाऱ्याला प्रत्यक्ष वाट पाहायला लावते. त्यात लय इतकी संथ की प्रत्येक ठोक्याचे तीन तुकडे होऊन कानावर पडतात. दादऱ्यासारखंच तीन-तीनचं वजन, पण धीमं, ताणलेलं. नॉर्थनी हे सगळं बेतून केलं की हातून सहज उतरलं, कोण जाणे. परिणाम मात्र अचूक आहे.

मग १९६५. रायचस ब्रदर्स ही जोडी, म्हणजे खर्जातला बिल मेडली आणि तारसप्तकातला बॉबी हॅटफील्ड. (भाऊ वगैरे नव्हते, जोडीचं नाव तेवढं तसं.) त्यांची रेकॉर्ड काढणारा फिल स्पेक्टर हा त्या काळचा बडा निर्माता. डझनांनी वादक एका खोलीत कोंबून, त्यावर प्रतिध्वनी चढवून तो नादाची अक्षरशः भिंत उभी करी. त्याचं सगळं लक्ष 'हंग ऑन यू' या गाण्यावर होतं; तेच ए-साइडला होतं. मागची बाजू भरायची म्हणून दहा वर्षांपूर्वीचं 'अनचेन्ड मेलडी' घेतलं. ते दोघांनाही गायचं होतं. नाणं उडवून फैसला झाला आणि हॅटफील्डची बाजू पडली, असं मेडली सांगतो. ते ध्वनिमुद्रण स्पेक्टरचं नव्हे, आपण स्वतः केलेलं, असंही त्याचं म्हणणं आहे.

हॅटफील्डनं एक बदल केला. मूळ चालीत शेवटचं आर्जव खालच्या पट्टीत होतं. त्यानं शेवटच्या कडव्यात तीच ओळ वर उचलली, इतकी वर की आवाज आता फाटेल असं वाटतं, आणि तो फाटत नाही. सुरुवात तो जवळजवळ कुजबुजत करतो. पहिल्या कडव्यात आवाज जपून वापरतो, मधल्या भागात थोडा सैल सोडतो, आणि मग ती झेप. रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी करून हीच बाजू वाजवायला सुरुवात केली. गाणं अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेलं आणि 'हंग ऑन यू' आज केवळ या रेकॉर्डची दुसरी बाजू म्हणून आठवलं जातं.

ही झेप माहीत असताना ती पुन्हा पुन्हा ऐकावीशी का वाटते? माहीत असलेल्या गोष्टीचं नवल ओसरायला हवं. याचं उत्तर माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलरी सलिमपूर, रॉबर्ट झाटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये शोधलं. त्यांनी श्रोत्यांना त्यांचीच आवडती, अंगावर शहारा आणणारी रचना ऐकवली आणि ती ऐकताना मेंदूत काय चालतं ते तपासलं. मेंदूत सुखाशी जोडलेलं डोपामिन हे रसायन शहाऱ्याच्या क्षणी एका भागात स्रवतं, हे अपेक्षितच होतं. पण त्या क्षणाच्या काही सेकंद आधी ते दुसऱ्याच एका भागात स्रवू लागतं. म्हणजे आता ती जागा येणार, हे माहीत असण्याचंच एक वेगळं सुख असतं, आणि ते फक्त ओळखीच्या गाण्यालाच देता येतं. नवं कोरं गाणं ते देऊ शकत नाही. मैफलीत आवडत्या जागेच्या आधी आपण नकळत श्वास धरतो, तो याचसाठी.

म्हणून जुनं गाणं नव्या गाण्याशी बरोबरीनं लढत नसतंच. त्याच्याकडे एक जास्तीचं हत्यार असतं. आणि 'अनचेन्ड मेलडी'त तर विषय वाट पाहण्याचा, चाल वाट पाहायला लावणारी, आणि ऐकणाऱ्याचा मेंदूही त्या वरच्या सुराची वाट पाहतो आहे. तिन्ही एका रेषेत आलेली गाणी फार नसतात.

आता परत येण्याच्या दारांविषयी. १९७७च्या २१ जूनला साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीमध्ये एल्व्हिस प्रेस्लीचा कार्यक्रम चित्रित होत होता. अंग सुजलेलं, चेहरा घामानं डबडबलेला. तो पियानोशी बसला, एका साथीदारानं त्याच्या तोंडासमोर माइक धरला, आणि त्यानं स्वतः वाजवत हे गाणं म्हटलं. शरीर खचलं होतं, आवाज नव्हता खचला. आठ आठवड्यांनी, १६ ऑगस्टला, तो गेला. बाझ लुरमन यांनी २०२२च्या 'एल्व्हिस' या सिनेमाचा शेवट याच चित्रीकरणावर केला, आणि त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी जन्मलेल्या मुलांनी ते गाणं तिथे पहिल्यांदा ऐकलं. इथे वाट कुणाची पाहिली जाते आहे? शब्द प्रियकराचेच आहेत, पण पडद्यावर दिसतो तो आयुष्याच्या शेवटाशी आलेला माणूस, आणि शब्द त्यालाही पुरतात.

ब्रिटनमधली कहाणी आणखी वेगळी. तिथे हे गाणं चार वेगवेगळ्या गायकांनी पहिल्या क्रमांकावर नेलं. १९५५ मध्ये जिमी यंग, १९९० मध्ये 'घोस्ट'च्या लाटेवर रायचस ब्रदर्स, १९९५ मध्ये रॉब्सन ग्रीन आणि जेरोम फ्लिन, २००२ मध्ये गॅरेथ गेट्स. रॉब्सन आणि जेरोम गायक नव्हतेच, 'सोल्जर सोल्जर' या दूरदर्शन मालिकेत सैनिकांची कामं करणारे नट होते. एका भागात त्यांच्या पात्रांनी हे गाणं म्हटलं आणि दुकानांतून रेकॉर्डची विचारणा सुरू झाली. अठरा लाखांहून जास्त प्रती खपल्या; त्या वर्षी ब्रिटनमध्ये दुसरं कुठलंही गाणं इतकं विकलं गेलं नाही. गायकी म्हणून ते साधारणच आहे, हे मला म्हणायलाच हवं. पण घरापासून दूर असलेले सैनिक म्हणताच शब्द पुन्हा एका नव्या माणसाला लागू पडले. गॅरेथ गेट्स तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि 'पॉप आयडॉल' स्पर्धेत दुसरा आला होता. बोलताना तो इतका अडखळे की परीक्षकांसमोर स्वतःचं नाव सांगणंही त्याला जड गेलं होतं; गाताना मात्र जीभ कुठेच अडत नव्हती. एका शब्दापासून पुढच्या शब्दापर्यंत पोहोचण्याची धडपड साऱ्या देशानं पाहिलेली, आणि त्यानंतर हे गाणं. तेरा लाखांहून जास्त प्रती गेल्या.

कैदी, भांडं घडवणारी प्रेयसी, सैनिक, मरणाच्या दारातला एल्व्हिस, अडखळणारा पोरगा. झॅरेटनी मोकळ्या ठेवलेल्या जागेत एवढे सगळे मावले.

इतर गाणीही अशीच परततात. डॉली पार्टननं १९७३ मध्ये लिहिलेलं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' हे मूळ एका व्यावसायिक भागीदारीचा निरोप होता. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं सिनेमासाठी गायल्यावर ते चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. एल्व्हिसच्या १९६१च्या 'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह'ची चाल तर १७८४च्या एका फ्रेंच प्रेमगीतावरून घेतलेली, आणि १९९३ मध्ये यूबी४० या ब्रिटिश बँडनं तिला रेगेच्या ठेक्यावर परत आणलं.

पण गाणं परत आणायला दर वेळी सिनेमाच लागतो असं नाही. घरही पुरतं. आपल्या चौदा ते पंचविशीतली गाणी आपल्याला जन्मभर सर्वांत जवळची वाटतात, हे मानसशास्त्रज्ञांना जुनंच माहीत आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळंच काही दिसलं. त्यांनी विशीतल्या विद्यार्थ्यांना १९५५ ते २००९ या वर्षांतली, दर वर्षातली दोन गाजलेली गाणी ऐकवली आणि कोणती ओळखीची वाटतात, कोणती मनाला भिडतात ते विचारलं. स्वतःच्या काळातली गाणी तर भिडलीच. पण आलेखात आणखी दोन उंचवटे आले. एक त्या मुलांचे आईवडील तरुण होते त्या काळचा, आणि दुसरा साठच्या दशकातला, ज्याचा संबंध आजीआजोबांच्या तारुण्याशी जोडता येतो. आईवडील आपल्या तरुणपणीची गाणी स्वयंपाक करताना, गाडी चालवताना, रविवारी सकाळी लावत राहतात, आणि ती मुलाच्या बालपणाची गाणी होऊन बसतात. आपल्याकडे हे कुणाला पटवून द्यावं लागणार नाही. आकाशवाणीवरची भावगीतं ज्या घरात रोज लागायची, तिथल्या नातवंडांना ती पाठ असतात.

त्या आलेखातलं साठच्या दशकाचं टेकाड पाहिलं की मला हॅटफील्ड आठवतो. २००३च्या मार्चमध्ये रायचस ब्रदर्सचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला आणि त्याच नोव्हेंबरात, दौऱ्यावर असतानाच, तो वारला. म्हणजे 'घोस्ट'नंतर त्याला तेरा वर्षं मिळाली. १९६५ मध्ये जन्मलीही नव्हती अशी माणसं समोर बसलेली असायची आणि तो शेवटच्या कडव्याकडे वळला की त्यांना पुढची झेप आधीच ठाऊक असायची.

या गाण्याची ही रूपं एकापाठोपाठ एक ऐकायची असतील तर मी सुरुवात त्याच्यापासून करायला सांगणार नाही. आधी डंकन ऐका, म्हणजे चाल उघडी, दागिन्यांवाचून कळेल. मग रॉय हॅमिल्टन. चर्चमधल्या गाण्यावर पोसलेला तो आवाज. एल्व्हिस त्याचा मोठा चाहता. १९६९च्या जानेवारीत मेम्फिसच्या एकाच स्टुडिओत दोघांची ध्वनिमुद्रणं चालू होती, आणि एल्व्हिसनं स्वतःसाठी आलेलं एक गाणं त्याला देऊन टाकलं. त्याच वर्षी जुलैमध्ये, चाळिशीतच, हॅमिल्टन गेला. हॅटफील्डची झेप थक्क करते यात वाद नाही, पण मला विचाराल तर हे गाणं सर्वांत खरं हॅमिल्टनच्या गळ्यातून येतं. तो कुठेही घाई करत नाही. ओळीच्या शेवटी, त्या प-नी-रे वर, तो सूर धरून ठेवतो आणि पुढची ओळ उचलायला हवी त्याहून किंचित उशिरा उचलतो.